पार्किंगमधली वीस मिनिटे

पत्र (संक्षेपाने)

मी ४६ वर्षांचा आहे. लोअर परळच्या एका खासगी बँकेच्या संगणक विभागात नोकरी करतो. सात वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवलीतले वडिलांचे वन रूम किचन सोडून शहराबाहेरच्या एका मोठ्या गृहसंकुलात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. पत्नी आणि नववीतला मुलगा असे आम्ही तिघे तिथे राहतो, आईवडील जुन्या घरातच आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला दिसेल असे कोणतेही दुःख माझ्या आयुष्यात नाही. तरीही रोज रात्री स्टेशनवरून आलो की मी पार्किंगमध्ये स्कूटर बंद करतो आणि हेल्मेट न काढता वीस मिनिटे तसाच बसून राहतो. वर गेलो की नाटक सुरू होणार, असे वाटते. ऑफिसात नाटक, सोसायटीत नाटक, घरातही नाटक. आपले खरे आयुष्य दुसरीकडेच कुठेतरी चालू आहे आणि इथे आपण बदली कामगार म्हणून उभे आहोत, ही भावना जात नाही. राजापूर तालुक्यात आमचे गाव आहे. कौलारू घर आहे, थोडी आंब्याची कलमे आहेत. सगळे सोडून तिथे जावे, दोन खोल्या पर्यटकांना द्याव्यात, बाग बघावी आणि एकदाचे खरे जगावे, असे वर्षभर मनात आहे. पत्नीला अजून काही बोललेलो नाही. ती तुमचे सदर नेमाने वाचते, म्हणून नाव छापू नये. मी पळपुटा आहे, की इतकी वर्षे झोपेत होतो आणि आता जागा होत आहे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे मूळ पत्र इथे छापले आहे त्याच्या कितीतरी पट मोठे आहे आणि ते मी तीनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि ज्या ज्या वाक्यात तुमच्या पत्नीच्या आजच्या जगण्याबद्दल काही आले, त्याखाली रेघ मारत गेले. चार पानांत पाच रेघा पडल्या. त्यांपैकी तीन वाक्यांत ‘तिला काही कमी नाही’ हे शब्द आहेत, एकात ‘तिला गावाची आवड आहे’ असे आहे, आणि पाचव्यात त्या हे सदर वाचतात एवढेच आहे. हेल्मेटबद्दल मात्र तुम्ही अर्धे पान लिहिले आहे. पावसाळ्यात त्याच्या काचेवर आतून वाफ धरते, समोरच्या खांबावर पिवळ्या रंगात रंगवलेला तुमचा पार्किंगचा क्रमांक हळूहळू दिसेनासा होतो, आणि तो पूर्ण दिसेनासा झाला की तुम्हाला बरे वाटते. ज्याला इतके बारीक दिसते तो माणूस झोपेत नसतो. त्याची नजर कुठे जाते आणि कुठे जात नाही, एवढाच प्रश्न उरतो.

‘पळपुटा’ आणि ‘जागा झालेला’ हे दोन्ही शब्द मला या ठिकाणी मोठे वाटतात. तुम्ही कंटाळलेले आहात, एकटे पडलेले आहात, आणि या दोन्ही गोष्टी तुम्ही कुणालाही सांगितलेल्या नाहीत. अशा न सांगितलेल्या गोष्टी साचत गेल्या की सांगितलेल्या गोष्टींनाही नाटकाचा वास येऊ लागतो, आणि ‘जेवलास का’ या प्रश्नाचे ‘हो’ हे साधे उत्तरसुद्धा पाठ केलेल्या संवादासारखे वाटते. याचा अर्थ प्रश्न खोटा आहे किंवा विचारणारी व्यक्ती खोटी आहे, असा होत नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट बोलते. तिसऱ्या पानावर, गाडीच्या दारात उभे असताना ‘हात सुटला तर सुटला’ असे मनात येऊन जाते, असे एक वाक्य तुम्ही लिहिले आहे आणि लगेच पुढच्या ओळीत उकाड्याकडे वळला आहात. तुम्ही ते सहज लिहिले असेल, पण मला ते सहज वाचता आले नाही. उद्यापासून दारात उभे राहू नका; आत जागा नसेल तर दोन गाड्या सोडा, ऑफिसात उशीर होऊ द्या. टेलि-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. तिथे हे वाक्य जसेच्या तसे सांगा. जोडीला आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासून घ्या, कारण शरीरातली कमतरता पुष्कळदा आयुष्यातल्या कमतरतेचा वेश घेऊन येते. हे झाल्यावरच माझ्या बाकीच्या उत्तराला काही किंमत आहे.

तुमच्या पत्रातला ‘बदली कामगार’ हा शब्द मला फार वेळ सोडत नव्हता. बँकेच्या संगणक विभागात हा शब्द कोणी वापरत नाही. तो गिरणीतला आहे. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहणारा, आणि आज काम मिळेल की नाही यासाठी सकाळी गेटवर येऊन थांबणारा, तो बदली. तुमचे आजोबा साचेखात्यात होते आणि त्यांची पहिली काही वर्षे बदलीवर गेली, असे तुम्हीच लिहिले आहे. ते गावमंडळाच्या खोलीत दहाबारा गाववाल्यांबरोबर राहिले, खाणावळीत जेवले, आणि महिन्याच्या महिन्याला आजीच्या नावाने मनीऑर्डर करत आले. त्यांना कोणी विचारले असते तर खरे आयुष्य गावात आहे, मुंबई ही नुसती पैसे मिळवण्याची जागा आहे, असेच त्यांनी सांगितले असते. मग वडील गिरणीत लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येला गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. वडिलांनी डोंबिवलीच्या एमआयडीसीत नोकरी धरली, वन रूम किचन घेतले, आणि आजही ते ‘खरी मजा चाळीत होती’ असे म्हणतात. आता तुम्ही, गिरणीच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत बसून, खरे आयुष्य आजोबांच्या गावात आहे असे लिहिता. म्हणजे तुमच्या घरात तीन पिढ्या खरे आयुष्य हे नेहमी नुकत्याच सोडलेल्या घरात राहिलेले आहे. तुमचा मुलगा अजून पंधरा वर्षांनी कुठल्या तरी परमुलखात बसून, पार्किंगवरच्या गच्चीवर, म्हणजे पोडियमवर, चोरून खेळलेल्या क्रिकेटबद्दल आणि ओरडणाऱ्या वॉचमनबद्दल हेच बोलेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

तरीही तुमची तक्रार मनाचे खेळ म्हणून बाजूला टाकता येत नाही. बोरीबंदरहून ठाण्यापर्यंतची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला, आणि त्यानंतर त्या रुळांच्या कडेला जी शहरे वाढली ती कामाच्या ठिकाणापासून दूर झोपण्यासाठी वाढली. डोंबिवली ते सीएसएमटी हे अंतर ४८ किलोमीटर आहे. तुम्ही सकाळी सातला निघता आणि रात्री नऊला पोहोचता. दादरला गाडी बदलून करी रोडला उतरता, आणि परतीच्या वेळी हेच उलट. म्हणजे चौदा तास घराबाहेर. जागेपणी घरात जे दोन-अडीच तास मिळतात, त्यांत क्लासची फी भरली का, सिलिंडर आला का, उद्या डबा हवा की नको, मेंटेनन्सचा चेक दिला का, एवढेच बोलणे होते. ही सगळी कामाची वाक्ये आहेत आणि त्यांतले एकही खोटे नाही, पण वर्षानुवर्षे दुसरे कोणते वाक्यच झाले नाही तर नवराबायको एका कचेरीतल्या दोन टेबलांसारखी होतात.

चाळीत असे होत नसे, हे वडिलांचे म्हणणे अर्धे खरे आहे. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. तिथे सकाळी संडासापुढे रांग लावावी लागे, आणि माझ्या मावशीला कधी मोकळेपणाने रडता आले नाही, कारण तिने पदर डोळ्याला लावला की चौथ्या बिऱ्हाडापर्यंत ‘काय झाले’ म्हणून विचारणा होई. ते काही सुख नव्हते. पण तिथे चेहरा लपवायला जागा नव्हती, आणि तुमच्या संकुलात चेहरा लपवायला दोन मजल्यांचे पार्किंग आहे.

पैशाचेही थोडे बोलू, कारण तुमच्या पत्रात ‘घर आपले वाटतच नाही’ असे वाक्य आहे आणि ते तुम्ही मनोविकारासारखे लिहिले आहे. ५२ लाखांचे कर्ज, २० वर्षांची मुदत, महिन्याला सुमारे ४५ हजारांचा हप्ता, हे तुमचेच आकडे. व्याजाचा दर साडेआठ टक्के धरून मी कागदावर हिशेब मांडला. सात वर्षांत तुम्ही जवळपास ३८ लाख रुपये भरले आहेत आणि मुद्दल त्यातून जेमतेम साडेनऊ लाखांनी कमी झाले आहे. कर्जाची सुरुवातीची वर्षे अशीच असतात, त्यात कोणी फसवलेले नाही. पण रोज चौदा तास बाहेर राहून ज्या घरासाठी माणूस पैसे भरतो, त्या घराचा मोठा भाग सात वर्षांनंतरही त्याचा झालेला नसतो, आणि हे त्याला आकड्यात माहीत नसले तरी हाडांत कळत असते. घर आपले वाटत नाही याचे निदान निम्मे तरी इथेच आहे. एखाद्या रविवारी बँकेच्या खातेउताऱ्यासमोर दोघांनी बसा. तो उतारा पत्नीने कधी पाहिला आहे का, हेही मला पत्रातून कळले नाही.

भिंतीवरच्या फोटोबद्दल तुम्ही विचारले आहे. मनालीला भाड्याचा पहाडी पोशाख घालून, हातात कागदी फुलांची टोपली घेऊन तिघांनी काढलेला तो फोटो आहे. त्याच्या दहा मिनिटे आधी हॉटेलच्या बिलावरून तुमचे कडाक्याचे भांडण झाले होते, आणि म्हणून तो रोज समोर दिसला की तुम्हाला लाज वाटते. तो काढून टाकावा का? मी काढणार नाही. भांडण झाले हे खरे, आणि दहा मिनिटांनी तिघे एका चौकटीत मावून हसले हेही खरेच; संसारात या दोन गोष्टींमध्ये पुष्कळदा दहाच मिनिटांचे अंतर असते. तुम्हाला खोटा वाटतो तो फोटो नाही. त्या भांडणाचा विषय पुढे कधीच निघाला नाही, याची ती टोचणी आहे. मुलाला एकदा विचारून पाहा की त्याला त्या दिवसाचे काय आठवते. तो बहुधा याकबद्दल सांगेल.

आता गाव. गावाची ओढ खोटी आहे असे मी म्हणणार नाही, पण तुम्ही गाव कधी पाहता? गणपतीत आणि मे महिन्यात. कोकण रेल्वे १९९८ मध्ये सुरू झाली आणि गाव एका रात्रीच्या प्रवासावर आले, हे चांगले झाले. पण चाकरमान्याला दिसते ते सणाचे गाव असते. घर सारवलेले, माणसे जमलेली, आरत्या चाललेल्या, फणस पिकलेला. त्या दिवसांत तुम्ही खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्ची टाकून बसता, असे तुम्ही स्वतः फार सुंदर लिहिले आहे. त्याच पानावर, घरात अठरा माणसे असतात असेही आहे. अठरा माणसांचा स्वयंपाक कोण करते? ‘तिला गावाची आवड आहे’ हे वाक्य तुम्ही खळ्यातल्या खुर्चीवरून लिहिले आहे आणि त्या वेळी तुमच्या पत्नी मागल्या पडवीत नारळ खवत असाव्यात. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, मुलगा झाल्यावर प्रयोगशाळेतली नोकरी सोडलेली ती बाई गावी पोहोचल्या क्षणापासून सून असते. तुमच्या ‘खऱ्या आयुष्यात’ दोन खोल्या पर्यटकांना देण्याचे ठरले आहे. त्यांच्या चादरी कोण धुणार आणि मोदक कोण वळणार, हे पत्रात नाही.

जमिनीचेही तसेच. सातबारावर सामाईकात अकरा नावे आहेत, त्यांतल्या दोन आत्या हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही, हे तुम्ही जाता जाता कंसात लिहून टाकले आहे. गावाकडे कंसातल्या गोष्टीच मुख्य असतात. आधी वारस नोंदी, त्यांचे फेरफार, मग सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज, आणि एखाद्या चुलतभावाने हरकत घेतली की पुढची वर्षे मोजत बसायचे. आंब्याच्या कलमांचे म्हणाल तर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, पण झाडाला ते ठाऊक नसते. मोहोर धरायच्या वेळी थंडी हटली किंवा अवेळी पाऊस पडला की गेले. तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यासाठी फवारणीमागून फवारणी, राखणीला गडी, आणि या सगळ्यातून जे उरते त्यावर वानरांचा हक्क. हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. गावात राहून हे सगळे निभावणारी माणसे आहेत आणि त्यांतली कित्येक समाधानी आहेत. मात्र खरे जगण्यासाठी म्हणून ती तिथे राहिलेली नाहीत. त्यांचाही मेंटेनन्स आहे, त्यांचीही सोसायटी आहे, आणि तिच्यातून फ्लॅट विकून बाहेर पडता येत नाही.

इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. मी अठ्ठावीस वर्षे डोंबिवलीहून फोर्टातल्या एका कचेरीत गेले. महिला विशेष लोकल १९९२ मध्ये सुरू झाल्या, त्याच्या एक-दोन वर्षे पुढची ही गोष्ट. आमच्या डब्यात चौघीजणींचा गट होता. एका संध्याकाळी भायखळा गेल्यावर, मांडीवरच्या पिशवीत गवार मोडता मोडता आमच्यातली एक अगदी शांतपणे म्हणाली, ‘मला ना, घरी जायचेच नाहीये.’ कोणी काही बोलले नाही. तिने गवार पुढे मोडली आणि नेहमीसारखी डोंबिवलीला उतरून गेली. पुढच्या आठवड्यात एक दिवस मी ठाण्याला उतरले. काही कारण नव्हते. फलाटावरच्या बाकड्यावर दीड तास बसले, समोरून कल्याणच्या, कर्जतच्या, कसाऱ्याच्या गाड्या जाऊ दिल्या, आणि मग घरी जाऊन ‘गाड्या लेट होत्या’ असे सांगितले, जे मध्य रेल्वेवर कोणालाही पटते. नऊ वर्षांनी, घर रंगवायला काढले तेव्हा माळ्यावरचे डबे खाली घेता घेता, माझे यजमान सहज म्हणाले, ‘त्या दिवशी गाड्या वेळेवर होत्या. मी त्याच लाइनने आलो होतो.’ नऊ वर्षे त्यांना माहीत होते. त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही, आणि दोघांनीही याला समजूतदारपणा असे नाव दिले होते. मला त्या नऊ वर्षांचा आजही राग येतो, आणि तो त्यांच्यापेक्षा माझ्यावर अधिक आहे.

हे आठवायला तुमच्याच पत्राचे पहिले पान कारणीभूत झाले. संकुलातल्या सोयींचे वर्णन करताना तुम्ही लिहिले आहे की फाटकातून आपली गाडी आत आली की घरच्या मोबाइलवर लगेच सूचना जाते. पत्र संपेपर्यंत तुम्हाला त्या वाक्याचा अर्थ लागलेला नाही. वर्षभर रोज रात्री नऊच्या सुमारास तुमच्या पत्नीच्या मोबाइलवर तुम्ही आल्याचे उमटते आणि दारावरची बेल वीस मिनिटांनी वाजते. लिफ्टला एवढा वेळ लागत नाही, हे त्यांना कळत असणार. त्या वीस मिनिटांत त्या काय करतात? पोळ्या करायच्या थांबतात का, गॅलरीतून खाली पाहतात का, मुलाला ‘बाबा येतायत’ असे सांगतात की सांगत नाहीत? चार पानांत याबद्दल काही नाही, कारण तुम्हाला ते माहीत नाही. घरात नाटक आहे असे तुम्ही म्हणता. असलेच तर त्यात तुम्ही एकटेच नट आहात असे समजू नका.

म्हणून गावाचा निर्णय तूर्त बाजूला ठेवा आणि आधी त्या वीस मिनिटांचे सांगा. ‘मला तुझ्याशी महत्त्वाचे बोलायचे आहे’ अशी प्रस्तावना करू नका. चौदा वर्षांच्या मुलाच्या घरात त्या वाक्याने माणसाच्या पोटात गोळा येतो. फोन करून त्यांना खाली बोलवा. पार्किंगमध्ये, त्याच खांबासमोर, स्कूटरवर बसून जे रोज करता ते त्यांना दाखवा. राजीनाम्याचे, कोकणाचे, होमस्टेचे त्या रात्री काहीही बोलू नका, कारण योजना सांगितली की बोलणे लगेच हप्त्यावर आणि दहावीवर जाते आणि मूळची गोष्ट पुन्हा राहून जाते. आणि त्यांनी उलट काही सांगितले, जे तुम्हाला ठाऊक नव्हते, तर ते ऐकून घ्या. ‘तिला काही कमी नाही’ हे वाक्य बहुधा त्या रात्री मोडेल. मोडू द्या.

गाव नंतर. पण गणपतीत नको आणि मे महिन्यातही नको. जुलैत जा, आषाढात, चार-पाच दिवस रजा काढून, दोघेच. मुलगा त्याच्या आजीआजोबांकडे राहील. वीज गेलेली असेल, कौले गळत असतील, कपडे वाळणार नाहीत आणि आरती करायला कोणी नसेल. चुलीपुढे तुम्ही बसा आणि खळ्यातली खुर्ची त्यांना द्या. जाताना चालू तारखेचा सातबारा काढून न्या आणि चुलतभावांपैकी जो गावात राहतो त्याच्याशी हिशेबाचे बोला. इतके झाल्यावरही तिथे राहावेसे वाटले, दोघांनाही, तर मग फ्लॅट भाड्याने देऊन हप्त्याचा किती भाग निघतो, बँकेत घरून कामाची सवलत किती दिवस मिळू शकते, दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने काय जमेल, याचा विचार जरूर करा आणि मला पुन्हा लिहा. तेव्हा मी वानरांची भीती घालणार नाही. फक्त ‘मुलाची दहावी होऊ दे’ या वाक्याआड बसू नका. दहावीनंतर बारावी असते, बारावीनंतर सीईटी, आणि या वाक्याआड बसून साठी गाठलेली माणसे माझ्या पत्रपेटीत पुष्कळ आहेत.

तुमच्या बदलीवरच्या आजोबांबद्दल एक राहिले. बदली कामगाराला रोज गेटवर यावे लागे हे खरे. पण ज्या दिवशी त्याला साचा मिळे, त्या दिवशी त्याने विणलेले कापड कायम कामगाराच्या कापडाइतकेच खरे असे, आणि त्याचा पगारही.

हे उत्तर छापायला देण्यापूर्वी तुमच्या मेलवर पाठवत आहे. वये, नोकरी आणि तालुका मी थोडा बदलला आहे. हेल्मेट आणि पार्किंग मात्र बदलले तर तुमच्या पत्रात काही उरत नाही, आणि ते ठेवले तर रविवारी सकाळी चहा घेताना तुमच्या पत्नी पहिला परिच्छेद संपण्याच्या आत तुम्हाला ओळखतील. ते काढून टाकायचे असेल तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा. मी काढीन आणि मला वाईटही वाटणार नाही. ठेवायचे असेल, तर आज सोमवार आहे.